इंद्रावतीच्या डोंग्यातून

"मामा, तिथे राफ्टिंग आहे का?" भाचेबुवांचा हा पहिला प्रश्न.

गेल्या दिवाळीनंतर आठ दिवस कुठे तरी जाऊन यावे असे आमच्या घरी चालले होते. महाबळेश्वर झाले, गणपतीपुळे झाले, गोवा तर गल्लीतले सगळेच जाऊन आले. मी भामरागडचे नाव काढले तेव्हा सौभाग्यवतींनी "ते कुठे आले?" असे विचारले आणि भाचेबुवांनी वरचा प्रश्न टाकला. स्वारी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. गेल्या पावसाळ्यात कोलाडला कुंडलिकेवर तीनदा जाऊन आलेली. त्यामुळे नदी या विषयावर घरातला अधिकारी पुरुष तोच!

कोलाडची गंमत मीही एकदा अनुभवली आहे. मुळशीच्या धरणाचे पाणी सह्याद्रीतून खाली येते, भिऱ्याच्या वीजघरात चाके फिरवते आणि मग रावळज्याहून सकाळी ठरल्या वेळी नदीत सोडतात. पाणी आले की रबरी होड्या सुटतात. डोक्यावर टोप, अंगात नारिंगी जाकिटे, आरडाओरडा, फोटो. पाणी ओसरले की खेळ संपला. मजा येते, यात शंका नाही. पण नदी अशी नळासारखी वेळेवर येऊ लागली की आपल्याला ती आपलीच वाटू लागते. भाचेबुवांचे तसेच झाले होते.

"राफ्टिंग नाही, पण डोंगा आहे," मी म्हटले.

"डोंगा म्हणजे?"

"झाडाचा बुंधा कोरून केलेली होडी."

त्यावर त्याने मित्राकडून तीन नारिंगी जाकिटे मागून आणली. सौभाग्यवतींना पोहता येत नसल्याने त्यांनी ती आधी बॅगेत भरली; साड्या मागाहून.

रेल्वेने आम्ही चंद्रपूरला उतरलो. जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'चांदा'च आहे. गोंड राजांचा परकोट, जटपुरा आणि पठाणपुरा या वेशी, महाकालीचे देऊळ हे सगळे एका दुपारी पाहून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच दक्षिणेची वाट धरली. बल्लारपूर, गोंडपिपरी करीत मोटार आष्टीला वैनगंगेच्या पुलावर येते. येथून खाली थोड्याच अंतरावर चपराळ्याला वर्धा आणि वैनगंगा एकत्र होतात आणि पुढे प्राणहिता हे नाव घेतात. पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. 1982 च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूरपासून तो वेगळा झाला. त्याआधी थेट गोदावरीपर्यंतचा हा सगळा मुलूख एकच जिल्हा होता. एका कलेक्टराने तो सांभाळला कसा, हे तिथल्या रस्त्यांवरून गेल्याशिवाय नवल वाटत नाही.

आलापल्लीपासून जंगल सुरू होते. सुरू होते म्हणजे काय, दोन्ही बाजूंनी अंगावर येते! इथला साग पूर्वीपासून नावाजलेला. आलापल्लीजवळचा जुन्या वृक्षांचा एक लहानसा तुकडा मुद्दाम न तोडता राखला आहे. 2014 साली तो जैववैविध्याचा वारसा म्हणून जाहीर झाला. महाराष्ट्रातला तो पहिलाच. तिथे मान वर करून पाहताना सौभाग्यवतींच्या अंबाड्यातली पिन निसटली आणि पाचोळ्यात गेली ती गेलीच. पुढचे 60-65 किलोमीटर मोटारीत कुणी फारसे बोलले नाही. एकदाच एक शेकरू, तांबूस अंगाचे आणि हातभर शेपटीचे, रस्त्यावरच्या फांद्यांवरून पलीकडे गेले. "हे आपले राज्यप्राणी," एवढे मी म्हटले. मोबाईलवरचे संदेश केव्हाच बंद झाले होते.

हेमलकशाला प्रकाश आणि मंदाताई आमट्यांचा लोकबिरादरी प्रकल्प. बाबा आमट्यांनी 1973 च्या डिसेंबरात तो सुरू केला हे मराठी वाचकाला मी सांगायला नको. आम्ही तिथले दवाखाना, शाळा, प्राण्यांचे अनाथालय पाहिले, पण ते एक स्वतंत्र लेखाचे काम आहे. आम्हाला ओढ लागली होती ती पुढच्या भामरागडच्या संगमाची.

भामरागडला तीन नद्या भेटतात: पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती. पहिल्या दोघी धाकट्या, इंद्रावती थोरली. ओडिशातल्या कालाहंडीत उगम पावून, बस्तरात चित्रकोटला भला मोठा धबधबा घेऊन ती इथवर येते आणि पुढे महाराष्ट्र व छत्तीसगड यांची हद्द होऊन दक्षिणेला जाते. पावसाळ्यात या तिघी मिळून भामरागडला बाहेरच्या जगापासून तोडतात. पर्लकोटेचा पूल पाण्याखाली गेला की चार-चार दिवस गाव बेट होते. नोव्हेंबरात मात्र पाणी निवळलेले, हिरवट काचेसारखे. नक्षलवादाच्या वर्षांत इकडे पांढरपेशा माणूस सहलीला म्हणून येत नसे. आम्हीही आधी पोलीस ठाण्यात नावे सांगितली, अंधारापूर्वी परतण्याचे कबूल केले आणि मगच काठावर गेलो.

आमची सगळी व्यवस्था एका निवृत्त गुरुजींनी केली होती. मूळचे चामोर्शीकडचे, पण आश्रमशाळेत आयुष्य गेल्याने माडिया बोली त्यांना घरच्यासारखी. त्यांनी ठरवलेला डोंगेवाला माडिया, वय पन्नाशीचे, अंगाने काटक. आम्ही "जोहार दादा" म्हटले, त्याने "जोहार" म्हटले. त्यानंतर तासभर तो एक शब्द बोलला नाही. आमची नारिंगी जाकिटे पाहून काठावरची पोरे मात्र मनमुराद हसली. आम्ही तिघे पिकलेल्या संत्र्यांसारखे दिसत असणार!

आता डोंगा कसा असतो ते सांगितले पाहिजे. एका सबंध झाडाचा सरळ बुंधा घेऊन तो आतून कोरतात. लांबी बारा-पंधरा हात, रुंदी मात्र इतकी बेताची की खाली बसले की दोन्ही कोपरे काठांना लागतात. एकटा डोंगा नवख्याला सोसत नाही. शिंक आली तरी कलंडेल असे वाटते. म्हणून दोन डोंगे शेजारी ठेवून वर आडवे बांबू टाकतात आणि दोरांनी आवळतात. अशा जोडीवर मोटारसायकलसुद्धा पलीकडे नेतात. पुरात बाळंतीण, आजारी माणूस, रेशनचे धान्य हे सगळे याच लाकडावरून जाते. गुरुजी म्हणाले, "इथं डोंगा म्हणजे गंमत नोहे जी. ही आमची एस्. टी. आहे."

आम्ही बसलो. दादा मागे उभा राहून लांब बांबूने तळाला टेकू देत निघाला. आवाज काही नाही. बांबू पाण्यात जातो तेवढा एक 'डुबुक्'. संगम ओलांडून आम्ही इंद्रावतीच्या मोठ्या पात्रात आलो तेव्हा सौभाग्यवतींनी धरलेला माझा दंड सोडला आणि "किती शांत आहे हो!" असे कुजबुजत म्हटले. कुणालाच मोठ्याने बोलावेसे वाटत नव्हते.

आणि हळूहळू नदीवरची वस्ती दिसू लागली. खडकावर पंख वाळत घातल्यासारखे पसरून पाणकावळा बसला होता. काळापांढरा धीवर एकाच जागी हवेत फडफडत राही, मग दगड टाकावा तसा खाली. वाळूच्या दांड्यावर सोनेरी-तांबूस रंगाच्या चक्रवाकांची जोडी होती. दर हिवाळ्यात ही पाखरे हिमालयापलीकडून येतात. संस्कृत कवींनी रात्रभर एकमेकांपासून तोडलेले हे बिचारे नवराबायको दिवसाढवळ्या चांगले शेजारी-शेजारी उभे राहून आमच्यावर ओरडत होते. काठावर कमरेइतक्या पाण्यात माडिया बायका टोपल्या घेऊन मासे धरीत होत्या. त्यांतली एक दादाला काहीतरी बोलली, सगळ्या हसल्या, आणि दादाही पहिल्यांदाच हसला. "काय म्हणाली?" मी विचारले. गुरुजी जरा घुटमळून म्हणाले, "म्हणते, आज बाजाराचं वझं लय जड दिसते."

पुढे एका वळणावर दादाने बांबू उचलून धरला आणि हनुवटीने डावीकडे खूण केली. वाळूवर एक ओंडका पडला होता. ओंडक्याचे तोंड उघडे होते. मगर! आमच्यापासून पन्नास-साठ हातांवर. थंडीच्या दिवसांत ऊन खायला ही मंडळी वर येतात आणि तोंड वासून स्वस्थ पडतात. आम्ही श्वास रोखून पाहात असताना ती काहीही घाई न करता पाण्यात सरकली आणि जिथे ती होती तिथे नुसती वाळू राहिली. त्यानंतर डोंग्याच्या काठावर टेकलेली आमची कोपरे आपोआप आत आली. "इथे खाली रानम्हशी दिसतात का?" भाचेबुवांनी विचारले. गुरुजी म्हणाले, त्या पुष्कळ खाली, सिरोंच्याच्या वाटेवर कोलामार्क्याला. 2013 साली तेवढ्यासाठी तिथले जंगल राखून ठेवले आहे. महाराष्ट्रात खरी रानम्हैस उरली आहे ती तेवढीच, आणि तीही हाताच्या बोटांवर.

साधारण तासाभराने आवाज आला. आधी वाटले वारा आहे. मग कळले, पाणी आहे. पुढे नदीच्या अंगात काळे खडक घुसले होते आणि त्यांच्यामधून सगळे पात्र पांढरे होऊन उतरत होते. फार उंचीचे नव्हे. दोन-तीन पुरुष खोल आणि शंभरेक पावले लांब. पण काय ती धाव! भाचेबुवा ताडकन उठू लागले तसे दादाने खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवले आणि डोंगा सरळ काठाला लावला.

"उतरायचे?" भाचेबुवांचा चेहरा पडला. "मामा, हा तर सोपा टप्पा आहे. कोलाडला याहून मोठे असतात."

गुरुजींनी दादाशी बोलून उत्तर आणले. "तो म्हणते, मानसं पायी उतरतील, डोंगा दोरानं उतरेल."

"पण त्याला येत नाही का यातून न्यायला?"

"येते जी. पुरात माणूस अडला तर नेते. आज कोण अडलं हाय?"

यावर भाचेबुवांकडे उत्तर नव्हते. तो तोंड फिरवून उभा राहिला. दादा आणि त्याचा खालच्या गावाहून आलेला मुलगा दोर सोडू लागले, आणि मी एका खडकावर बसून त्या पांढऱ्या पाण्याकडे बघत राहिलो.

या पाण्याने आजवर किती घाईच्या माणसांना थांबवले आहे! इंद्रावती इथून खाली जाऊन सिरोंचा तालुक्यात सोमनूरजवळ गोदावरीला मिळते. गोदावरी आणि प्राणहितेतून थेट चांद्यापर्यंत आगबोटी आणायच्या, असा इंग्रजांचा 1860 नंतरच्या दशकात मोठा घाट होता. धवळेश्वरमचे धरण बांधणाऱ्या सर आर्थर कॉटन यांनी ही कल्पना उचलून धरली होती. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा आणि तो वऱ्हाडात व वर्ध्याच्या खोऱ्यात पिकत होता. नदीने तो समुद्राला न्यावा, एवढेच! पण वाटेत खडकांचे तीन अडसर होते: खाली दुम्मगुडम, मधे इचमपल्ली, आणि वर प्राणहितेवर अहेरीजवळ देवलमरी. कालवे, बांध, सुरुंग, हिवतापाने आजारी पडणारे मजूर आणि लाखो रुपये असे सगळे ओतूनही काम पुरे होईना. तेवढ्यात 1867 साली रेल्वेच नागपूरला पोचली आणि कापूस मुंबईला जाऊ लागला. 1871 मध्ये सरकारने नदीचा नाद सोडला.

शंभर वर्षांनी तेच इचमपल्ली पुन्हा कागदावर आले. या वेळी खडक फोडायचे नव्हते, बुडवायचे होते. इचमपल्लीला गोदावरीवर आणि भोपाळपट्टणमला इंद्रावतीवर अशी दोन मोठी धरणे योजली गेली. वीज मिळणार होती हे खरे. ती कुणालाच नको नव्हती. मला पुण्यात बसून तर नव्हतीच नव्हती. पण त्याखाली जाणार होती माडियांची गावे आणि दोन्ही काठांचे जंगल. 1983-84 च्या सुमारास बाबा आमट्यांच्या पुढारीपणाखाली इथले आदिवासी 'जंगल बचाव, मानव बचाव' म्हणत उभे राहिले, आणि ती धरणे आजवर झालेली नाहीत. गोदावरीवर मेडीगड्ड्याला मात्र तेलंगणाने मोठा बांध घातला. 2019 साली तो सुरू झाला आणि 2023 च्या ऑक्टोबरात त्याचे काही खांब खचले. सिरोंच्याकडचे शेतकरी त्याच्या फुगवट्याबद्दल काय बोलतात ते ऐकायचे तर तिकडेच जायला हवे.

माझा हा इतिहास मनातल्या मनात चालू असताना इकडे भलतेच घडले. दोर लावून एक डोंगा सुखरूप खाली गेला होता. दुसऱ्याच्या वेळी भाचेबुवांनी पुढे होऊन दोर मागितला. पोरगा तगडा, दादाला नाही म्हणवले नसावे. रीत अशी की दोराचे एक वेटोळे काठावरच्या जांभळीच्या खोडाला द्यायचे आणि मग हात-हात सोडायचा. दादाने ते हाताने दाखवलेही. पण याने दोर नुसता मुठीत धरला. डोंगा धारेत शिरला, आडवा झाला, दोराला हिसका बसला. भाचेबुवा गुडघ्यावर आले आणि दोर मुठीतून सर्रकन निघून गेला.

त्याला हवा होता तो प्रवास डोंग्याने एकट्यानेच केला. क्षणभर तो पांढऱ्या पाण्यावर सरळ उभा राहिल्यासारखा दिसला, मग एका काळ्या खडकावर आपटल्याचा 'ठक्' असा कोरडा आवाज आला. सौभाग्यवतींनी डोळे मिटले. दादाचा मुलगा केव्हाच खडकांवरून उड्या मारीत खाली पळाला होता.

डोंगा सापडला. धारेच्या पायथ्याशी पाण्याने भरून तो दोन खडकांत अडकला होता. ओढून वाळूवर घेतला तेव्हा एका बाजूला, काठापासून खाली हातभर चीर गेलेली दिसली. दादा तिच्यावर बोट फिरवीत बराच वेळ उकिडवा बसला. रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते.

मी पाकीट काढले. गुरुजींनी माझा हात हलकेच खाली केला. "थांबा जी. डोंगा बाजारात भेटत नाही. येवढ्या घेराचं सरळ झाड आता काठाशी कुठं राह्यलं? भेटलं तरी तोडाले परवानगी लागते, मंग कोरणं. हा त्याच्या बापानं कोरला हाय."

यावर काय बोलणार? आम्ही नागर माणसे नुकसानीची किंमत विचारून मोकळे होणारी. किंमतच नाही म्हटल्यावर आमचे हात रिकामे पडतात.

ज्या डोहातून फिरायचे होते ते आता राहिलेच. एकट्या डोंग्यात आम्हाला बसवायला दादा तयार नव्हता. आम्ही काठावर पुऱ्या आणि बटाट्याची भाजी सोडली. दादाने आणि मुलाने थोडी घेतली. भाचेबुवांनी घास घेतला नाही. लांब एका खडकावर पाठमोरा, नारिंगी जाकिटासकट, तो गुडघ्यांत हनुवटी खुपसून बसला होता. सौभाग्यवती दोनदा उठल्या आणि दोनदा बसल्या.

अर्धा तास तरी गेला असेल. आम्हीही बोलत नव्हतो. आणि मग भाचेबुवांच्या खडकाखालीच पाणी फुटले आणि एक चपटे, मिशीवाले डोके वर आले. त्यामागे दुसरे, तिसरे, चौथे. पाणमांजरे! तोंडात मासा घेऊन एक त्याच्यापासून दहा हातांवरच्या दगडावर चढले आणि दोन्ही पंजांत तो धरून, आमची मुले भुट्टा खातात तसे, कराकरा खाऊ लागले. धाकटी दोघे त्यासाठी चिवचिवत भांडली. एकाने दुसऱ्याला पाण्यात ढकलले, ते पुन्हा चढले. भाचेबुवांचा मोबाईल खिशात होता. त्याने हात हलवला नाही. पाच मिनिटांनी ती टोळी डोहाच्या दिशेने बुडत-उगवत निघून गेली तेव्हा त्याने मागे वळून पहिल्यांदा दादाकडे पाहिले. दादाने मान हलवली. त्यालाही दिसली होती.

उन्हे कलली. परतीची वाट पायी, काठाकाठाने, जंगलातून. निघताना भाचेबुवा गुरुजींना बाजूला घेऊन काहीतरी बोलले. गुरुजी दादाशी बोलले. दादाने डोंग्याकडे, मग याच्या हातांकडे पाहिले. दोराने दोन्ही तळवे सोलवटून लाल झाले होते. तो दोनच शब्द बोलला.

"काय म्हणाले?" मी विचारले.

"म्हणते, सकाळी लवकर ये."

दुसऱ्या दिवशी आम्हाला निघायचे होते. निघालो नाही. भाचेबुवा तळव्यांना फडके बांधून, बाजारातून पत्र्याची पट्टी, खिळे आणि डांबराचा डबा घेऊन गुरुजींबरोबर उजाडताच गेले ते पार दिवेलागणीला परतले. चीर आतून-बाहेरून पत्र्याने शिवली होती म्हणे, वर डांबर. लाकूड आधी उन्हात वाळवावे लागते, ओल्यावर डांबर धरत नाही, खिळा लाकडाच्या रेषेवर मारला तर चीर आणखी धावते, असे बरेच काही तो जेवताना सांगत होता. दादाची बायको त्याला भात आणि वाळलेल्या मासळीचा रस्सा वाढून गेली. आमच्या घरी तो मासळीला नाक मुरडतो! एक जाकीट कमी होते. त्याबद्दल त्याने काही सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. मित्राला काय उत्तर द्यायचे ते त्याचे तो पाहील.

"आणि पाण्यात सोडून पाहिला का?" सौभाग्यवतींनी विचारले.

"पाहिला. थोडे पाझरते. दादा म्हणाले, लाकूड फुगले की बसेल." तो थांबला. "मामी, हातांचे डांबर कशाने जाते गं?"

मग रात्री कंदिलाच्या उजेडात, वीज गेलेली असल्याने, सौभाग्यवतींनी खोबरेल तेल चोळून त्याचे हात घासायला घेतले. सोलवटलेल्या जागी तेल झोंबत होते, पण तो हूं की चूं करीत नव्हता. नखांतले डांबर काही निघाले नाही. चंद्रपूरच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहताना मित्राचा फोन आला, येत्या रविवारी कोलाडला येतोस का म्हणून. तेव्हाही आमचे भाचेबुवा फोन कानाला लावून, आगपेटीच्या काडीने नखे कोरीत, "बघतो, सांगतो" असे म्हणत होते.